सिस्टर, त्याइले सांगा

धाकटा भाऊ चिंचेवरून पडला. नडगी मोडली, वर जखम झाली, म्हणून वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. आई-बाबा दोघंही कामावर जाणारे. त्याच्याजवळ राहायला मोकळी मीच. मोकळी म्हणजे कॉलेजात नाव होतं, पण माझा वेळ जायचा पत्रकं लिहिण्यात. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती आणि आमच्या गटाला कुणाला तरी जाब विचारल्याशिवाय जेवण जात नसे. दवाखान्यातही मी कोरे कागद घेऊनच गेले होते. पोरांच्या हाडांच्या वॉर्डात अन्याय कमी सापडेल असं मला वाटलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात अन्याय शेजारच्या खाटेवर येऊन पडला.

अडीच-तीन वर्षांची मुलगी. आष्टीकडच्या एका खेड्यातली. दंडाचं हाड मोडलेलं. सोबत आई आणि आजी. आईचा पदर कपाळावर ओढलेला, आणि बोलायचं काम सगळं आजीकडे.

"खाटेवरून पडली पोट्टी," आजी म्हणाली. डॉक्टरांना म्हणाली, सिस्टरला म्हणाली, मग मी न विचारता मलाही म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून शिकायला आलेले. त्यांनी मुलीचा झगा वर केला आणि थबकले. बेंबीभोवती काळे गोल डाग. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी कागद-पेन बाहेर काढलं. विडीचे चटके! मोडलेला हात, त्यावर चटके! मी मनात मथळाही लिहून टाकला.

"हे कोणी केलं?" डॉक्टर ओरडले.

"म्या केलं," आजी म्हणाली, अगदी अभिमानानं. "पोट डब्ब झालतं तिचं. बिबा लावला."

बिबा सुईवर टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की बेंबीभोवती ठिपके द्यायचे. कातडी भाजते, डाग पडतो, तो वर्षानुवर्षं जात नाही. माझ्या स्वतःच्या पोटावर तसे दोन आहेत. मी ते डॉक्टरांना सांगितलंही. ते इतके ओशाळले की मला त्यांची कीव आली. आणि मग त्यांनी एक चूक केली, जी मी नंतर कितीतरी शिकलेल्या माणसांकडून होताना पाहिली: एका बाबतीत आपण उगाच संशय घेतला हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या बाबतीतला संशयही सोडून दिला. "ठीक आहे, पडली असेल," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

इन्चार्ज सिस्टर मात्र एक्सरे खिडकीसमोर धरून उभ्याच राहिल्या.

या सिस्टर केरळातल्या. वर्ध्यात येऊन वीसेक वर्षं झालेली. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या, खाटांवरच्या बायकांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांची मराठी सगळी वऱ्हाडी होती, आणि पुण्याच्या डॉक्टरांना त्यांचं अर्धं बोलणं मलाच समजावून सांगावं लागे.

"डॉक्टर, खाटेवरून पडलं त हाड असं मोडते का?" त्या म्हणाल्या. "हे पिरगळलं हाय. अन हा दुसरा हात पाहा."

दुसऱ्या हाताच्या एक्सरेत जुनं, कसंबसं सांधलेलं हाड दिसत होतं. थोडं वाकडं. म्हणजे हे दुसऱ्यांदा घडत होतं. डॉक्टर पुन्हा थबकले. या वेळी ओरडले नाहीत. दोघं खिडकीपाशी हळू बोलले आणि ठरलं ते एवढं: पोलीस केस नोंदवायची, आणि खरं काय ते कळेपर्यंत मुलीला सुट्टी द्यायची नाही. पण कायम ठेवताही येणार नव्हतं. पलस्तर सुकून हाड धरू लागलं की ती घरी जाणार. तोवर कुणी बोललं नाही, तर ज्या घरात दोन हात मोडले त्याच घरात.

मला वाटलं आता चौकशी होईल. एकेकाला बाजूला घ्यायचं, उलटसुलट प्रश्न विचारायचे. सिस्टरांनी काय केलं? त्या आजीशेजारी जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"आजी, डॉक्टरले शंका हाय. पोट्टीचा हात कोनंतरी पिरगळला असं त्याइले वाटते. मलेही वाटते. पोलीस येतीन, लिहून नेतीन. तुमी पोट्टी घेऊन पळून जासान त ते घरी येतीन."

आजीनं कपाळाला हात लावला. "कोन पिरगळन वो सिस्टर? घरचीच त मानसं हाव आमी!"

"म्हनूनच त इचारून राह्यलो."

मी संतापले. त्या औषधांच्या खोलीत गेल्या तशी मागोमाग गेले. "तुम्ही त्यांना सावध केलंत! आता ते एक गोष्ट ठरवून बसतील."

"ठरवून त ते घरूनच आले," त्या म्हणाल्या. हात धुणं चालूच होतं. "पयले एक बाळ होतं असंच. आमी कोनी काई बोललो नाई. वॉर्डबॉयनं चहाच्या टपरीवर सांगितलं. सकाळी खाट खाली. पुन्हा दिसलं नाई ते बाळ. तवापासून मीच सांगतो, अन पयलं सांगतो."

(त्या स्वतःला 'मी सांगतो' म्हणत. बायकांकडून शिकलेल्या मराठीत हे कुठून आलं कोण जाणे.)

"आणि तुमचा संशय कोणावर आहे?"

"आजीवर."

हे ऐकून मला बरं वाटलं. माझाही आजीवरच होता. जोरानं बोलणारी, सुनेला बोलू न देणारी, बिबे लावणारी आजी. पत्रकात शोभण्यासारखी. आम्ही दोघीही चुकत होतो.

पुढचे दिवस मी बघत बसले. खरं तर मला बघत बसायची सवय नाही, बोलत बसायची आहे. पण सिस्टरांची रीत मला काही केल्या कळेना आणि जे कळत नाही ते मला सोडवत नाही. त्या 'कोणी' हा शब्द पुन्हा उच्चारतच नव्हत्या. त्या विचारत: पोट्टी सकाळी उठते कधी? न्हाऊ कोन घालते? चहा पिते का दूध? कापूस कुठे ठेवला यंदा? आजी एकटी असताना विचारत, आई एकटी असताना तेच विचारत. संध्याकाळी बाप आला की त्यालाही. एकाला दूध आणायला पाठवलं की दुसऱ्याशी बोलत. घराचा सगळा नकाशा माझ्यासुद्धा डोळ्यांपुढे उभा राहिला: पुढच्या सपरीत ढोरं, मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, कारण सरकारी खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची रांग लागलेली आणि यांचा नंबर यायचा होता. त्या कापसावर पोरं नाचतात, कचरा होतो, म्हणून मोठी माणसं ओरडतात. आणि चूल मागच्या खोलीत.

"हात मोडला त्या दिवशी घरी कोन कोन होतं?" एकदा त्यांनी आईला विचारलं. आई मुलीची वेणी घालत होती.

"मी चुलीपाशी. आत्याबाई बाहेर दाळ निवडत होत्या. नणंद विहिरीवर गेलती. हे शेतावर." (आत्याबाई म्हणजे तिची सासू.)

"अजून?"

"अजून कोनी नव्हतं."

ती हे इतक्या सरळ म्हणाली की मी तिच्यावर विश्वास ठेवला. सिस्टरांनीही ठेवला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग पलस्तर सुकलं. सिस्टरांनी फर्मान काढलं: पलस्तरातल्या पोराला उचलायची एक पद्धत असते, ती घरी जो जो मुलीला उचलतो त्यानं शिकायची. त्याशिवाय सुट्टी नाही.

"कोन कोन उचलते हिले?" त्यांनी आईला विचारलं.

"मी, आत्याबाई, नणंद, अन हे."

"तुले कोन उचलते वं?" त्यांनी मुलीला विचारलं. खरं म्हणजे गंमत म्हणून.

मुलगी बोटं मोजायला शिकत होती. मोकळ्या हाताची बोटं एकेक उघडत म्हणाली, "माय. आजी. आत्या. बाबा. मोठे बाबा."

सिस्टरांनी तिचं पाचवं बोट धरून ठेवलं.

"मोठे बाबा कोन?" सिस्टर म्हणाल्या.

आईनं पदर नाकापर्यंत ओढला. आजी म्हणाली, "माहा मोठा पोरगा. तो काय पोरं उचलते? त्याले वेळ हाय का? शेतावर असते तो."

नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे भासरा. आमच्याकडे भावजय भासऱ्यासमोर उभी राहत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही. तो खोलीत आला की ती पाठ फिरवते किंवा निघून जाते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईसुद्धा माझ्या मोठ्या काकांसमोर अशीच वागते, आणि मी त्यावर एक अख्खं पत्रक लिहिलं होतं. पण या रीतीचा असाही उपयोग होतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरात कोण होतं असं विचारलं तर ती बाई त्याला मोजतच नाही. मोजायची सवयच नाही. आता त्यात रीत किती आणि भीती किती, हे तिला तरी वेगळं करता आलं असतं का? मी त्या दिवशी पुष्कळ विचार केला. अजूनही करते. ती खोटं बोलली नव्हती, आणि तिनं खरंही सांगितलं नव्हतं.

"त्याइलेही बोलवा," सिस्टर म्हणाल्या. "सगळे शिकतीन."

तो दोन दिवसांनी आला. मी राक्षसाची वाट पाहत होते. आला तो पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी घातलेला, खालमानेनं चालणारा माणूस, पिशवीत घरच्या बागेतली संत्री. संपूर्ण वॉर्डाला एकेक संत्रं वाटलं, माझ्या भावाला दोन दिली. मी माझं संत्रं तसंच ठेवलं, भावानं तेही खाल्लं.

तो दारातून आत आला तशी आई उठून कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"उचला," सिस्टर म्हणाल्या.

मी मुलीकडे बघत होते. ती रडेल, आजीला बिलगेल, सगळं उघड होईल. मुलीनं काय केलं? तो खाटेपाशी पोचायच्या आधीच ती हसली आणि तिनं आपला एक हात, बरा असलेला, सरळ वर केला. मनगट पुढे करून. त्यानं ते मनगट धरलं आणि तिला उचलायला गेला. एका हातावर. विहिरीतून बादली ओढावी तशी.

"थांबा!" सिस्टरांनी मुलीला खालून दोन्ही हातांनी झेललं.

तो तसाच उभा राहिला. त्याच्या लक्षात आलं की आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलंय. मुलीला तो आवडत होता. ती त्याला घाबरत नव्हती. तिनं त्याच्यापुरतं उचलून घ्यायचं शिकून ठेवलं होतं, एका हातावर.

"त्या दिवशी काय झालं, भाऊ?" सिस्टरांनी विचारलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. "कापसावर नाचून राह्यली होती. दोनदा सांगितलं. मंग ओढली. राग आलता. हातात गरकन फिरली अन कट्ट वाजलं."

"अन मंग?"

"मंग मी शेतावर गेलो."

"अन पयल्या वेळी?"

आजी पुढे झाली. "सिस्टर, कर्ता मानूस हाय तो घराचा. बाप गेला तवापासून सारं त्यानंच पाह्यलं. लोकांपुढे त्याचं नाव कायले..."

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. भिंतीकडे तोंड असलेली आई बोलली.

"सिस्टर, त्याइले सांगा, पयल्या वेळीही म्या पाह्यलं होतं."

तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू गेला. तरीही सिस्टर त्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ती म्हनते, पयल्या वेळीही तिनं पाह्यलं होतं."

तो सिस्टरांकडे बघून म्हणाला, "तिले सांगा, पयल्या वेळी मले समजलं नव्हतं मोडलं म्हनून. हाडवैद्यानं सांगितलं तवा समजलं."

सिस्टर भिंतीकडे वळल्या. "ते म्हनतात, तवा समजलं नव्हतं."

"त्याइले सांगा, या वेळी समजलं होतं."

"ती म्हनते, या वेळी समजलं होतं."

"हाव," तो कबूल करत म्हणाला. "तिले सांगा, हाव."

मी असं संभाषण आयुष्यात ऐकलं नव्हतं. सहा-सात वर्षं एका घरात राहणारी दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होती, आणि मधे केरळची एक बाई प्रत्येक वाक्य उचलून, न सांडता, पलीकडे ठेवत होती. काही गाळत नव्हती, काही घालत नव्हती. मधेच आई म्हणाली, "सिस्टर, आत्याबाईले सांगा, मी पोट्टीसंगं सावंगीले माहेरी राहीन, पलस्तर निघेपावतर."

"ते तुह्यी सासू हाय, तिच्यासंगं तूच बोल वं," सिस्टर म्हणाल्या. "मले किती कामं!"

आमच्या वॉर्डातली एक बाई खुदकन हसली. आजी कडाडली, "अन कापूस कोन वेचन?" आईनं पहिल्यांदाच भिंतीकडून मान वळवली, फक्त सासूकडे. "तुमी अन तुमचा पोरगा," ती म्हणाली.

सिस्टरांनी त्याला शेवटी स्वतःचं सांगितलं. डॉक्टर हे लिहिणार, हवालदार विचारायला येणार, आणि जे इथं बोललात तेच तिथं बोला, खाट-बीट सांगू नका. त्यानं मान हलवली. हवालदार आला. त्यानं लिहून घेतलं, मिशीवरून हात फिरवला, "घरगुती मामला हाय" म्हणाला आणि एक संत्रं सोलत निघून गेला. मी त्याच्या मागे चौकीपर्यंत भांडत गेले. तो माणूस न्यायाधीशापुढे उभा राहायला हवा होता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. चांगला स्वभाव, संत्री आणि पांढरं धोतर यांनी मोडलेलं हाड सांधत नाही. आणि एका कर्त्या माणसाचं नाव राखायला घरातल्या तीन बायका गप्प बसतात, याला मी नुसती रीत म्हणणार नाही.

पण सिस्टरांना मी एक विचारलंच. "तुम्ही त्यांचं बोलणं परत का म्हणत होता? ऐकू येत होतं ना त्यांना!"

"ऐकू त येतच होतं," त्या म्हणाल्या. "पन तिले बोलाची वाट पाहिजे होती. मी वाट झालो."

एवढं म्हणून त्या इंजेक्शनच्या सुया उकळायला गेल्या. मला तो खुलासा पुरेसा वाटला नाही.

भावाचं आणि त्या मुलीचं पलस्तर काढायचा दिवस एकच निघाला. मुलगी सावंगीहून आईबरोबर आली होती. आई जाड झाली नव्हती, पण तिचा पदर कपाळापाशी थांबला होता. कटरच्या आवाजानं माझा भाऊ बोंबलला आणि मुलगी त्याला हसली. तिचा हात बारीक झाला होता, पण सरळ होता.

बाहेर व्हरांड्यात तो बसला होता, तिचा भासरा. न्यायला आला होता. बाप आला नव्हता. खरेदी केंद्रावर अखेर त्यांचा नंबर लागला होता. मुलगी धावत गेली आणि तिनं पुन्हा एक हात वर केला, नवा, नुकताच मोकळा झालेला. त्यानं तो धरला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिला. ती वाट पाहून कंटाळली आणि त्याच्या गुडघ्यावर स्वतःच चढली.

आई दारात थांबली. तो दिसताच पाठ फिरवून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. ती सिस्टरांना शोधत होती. सिस्टरांची त्या दिवशी रजा होती.

तिची नजर माझ्यावर आली.

"ताई," ती म्हणाली, "त्याइले सांगा. मी येऊन राह्यली घरी. पन पोट्टीवर पुन्हा हात पडला, त मी कोनाची वाट पाहात नाई. त्याच दिवशी सावंगी."

मी वळले. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडात त्याला सांगण्यासारखं केवढं होतं! महिनाभर साठवलेलं. दोन्ही हातांचा हिशेब, चौकी, हवालदाराचं संत्रं, माझी आई आणि माझे काका, सगळं जिभेवर आलं. ते सगळं माझं होतं. तिनं मला फक्त तिचं दिलं होतं.

"ती म्हणते," मी म्हणाले, "ती घरी येते आहे. पण मुलीवर पुन्हा हात पडला, तर ती कोणाची वाट पाहणार नाही. त्याच दिवशी सावंगी."

शुद्ध मराठीत सांगितलं म्हणून की काय, त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्यानं गुडघ्यावरच्या मुलीकडे पाहिलं आणि माझ्याकडे.

"तिले सांगा," तो म्हणाला, "समजलं."

मी दाराकडे वळले आणि तिला सांगितलं.